प्रदर्शनात पहिल्यांदा स्टॉल लावताना, पहिल्यांदा फिरताना: गोव्यापुरतं सांगतो

पहिल्यांदा स्टॉल घेतला तेव्हा नऊ चौरस मीटर म्हणजे नेमकं किती, हे मी जमिनीवर आखून बघितलं नव्हतं. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये, आम्ही विकतो ते पाऊच भरायचं मशीन एका कोपऱ्यात अंग चोरून उभं असायचं. तेच स्टॉलवर ठेवलं तर टेबलाला जागा उरेना. मी आणि आमचा ऑपरेटर तीन दिवस वाटेवर उभे राहिलो आणि आयोजकांचा माणूस दर तासाला येऊन आम्हाला आत ढकलत राहिला.

तेव्हा पहिलं काम खडूचं. शेडमध्ये किंवा अंगणात तीन मीटर बाय तीन मीटरचा चौकोन आखा. त्यात मशीन, टेबल, दोन खुर्च्या, ब्रोशरचा स्टँड मांडून बघा. मशीनचं दार उघडायला लागणारी जागा धरा, रिकामी खोकी कुठे लपवणार ते ठरवा, आणि समोर गिऱ्हाईकाला उभं राहायला निदान एक मीटर मोकळा ठेवा. मावत नसेल तर सामान कमी करा. चालतं मशीन बघायला लोक थांबतात, टीव्हीवरचा व्हिडिओ बघायला कुणी थांबत नाही, हे माझं अनुभवाचं मत. त्यामुळे टीव्ही घरी ठेवा आणि मशीन आणा.

जागा घेताना

आयोजक दोन प्रकारची जागा देतात. शेल स्कीममध्ये तीन बाजूंना पॅनेल, खाली कार्पेट, वर नावाची पट्टी म्हणजे फॅशिया, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन स्पॉटलाइट, एक साधा प्लग आणि कचऱ्याची बादली एवढं साधारण मिळतं. रॉ स्पेस म्हणजे नुसती जमीन. तिथे स्टॉल उभारणारा फॅब्रिकेटर तुम्ही आणायचा, त्याचे नकाशे आधी मंजूर करून घ्यायचे. पहिल्या खेपेला शेल स्कीमच घ्या. फॅशियावर नाव तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलंत तसंच येतं, चुकीसकट. उभारणीच्या दिवशी संध्याकाळी पट्टी वाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बदलणारा पोरगा सापडत नाही.

हॉलचा आराखडा मागताना खांब, आग विझवायचे नळ आणि आपत्कालीन दारं दाखवलेला मागा. विक्रीवाल्यांकडे रंगीत चौकोनांचा आराखडा असतो, त्यात खांब नसतात. कोपऱ्याचा स्टॉल दोन बाजूंनी उघडा असतो आणि त्याला जादा पैसे पडतात. परवडत असेल तर घ्यावा. प्रवेशदाराला खेटून असलेला मात्र मी घेत नाही. आत आलेला माणूस तिथे गळ्यात बॅज अडकवत असतो, नकाशा उलगडत असतो, बरोबरच्याला हाका मारत असतो. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, चहाच्या वाटेवर, तो तुमच्याकडे बघायला मोकळा झालेला असतो.

पैशाचा हिशेब एकदा कागदावर मांडा. समजा दर चौरस मीटरला ८,००० रुपये आहे. नऊ मीटरचे ७२,००० झाले, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ८४,९६०. नवा माणूस इथे वही मिटतो. त्यापुढे टेम्पो, हमाल, जादा वीज, छपाई, खोल्या, तीन माणसांचं जेवण आणि प्रदर्शनासाठी बंद ठेवलेल्या कामाचं नुकसान. माझ्या वहीत जागेचं भाडं एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्यांना केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या योजनेतून स्टॉलभाड्याचा परतावा मिळू शकतो. पण त्यासाठी ते प्रदर्शन योजनेत बसावं लागतं, म्हणून पैसे भरण्याआधी चौकशी करा.

गोवा लहान आहे, असं समजून येऊ नका

बाहेरून येणाऱ्यांना वाटतं की गोव्यात कुठूनही कुठेही अर्ध्या तासात जाता येतं. पत्रिकेवर नुसतं ‘गोवा’ छापलेलं असतं आणि लोक कळंगुटला खोली घेऊन मोकळे होतात.

ताळगावचं डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियम २०१४ च्या लुसोफोनिया खेळांसाठी, म्हणजे पोर्तुगीज भाषिक देशांच्या क्रीडास्पर्धेसाठी, उभं राहिलं आणि आता तिथे मोठी प्रदर्शनंही भरतात. ‘व्हायब्रंट गोवा’ हे उद्योगांचं प्रदर्शन २०१९ साली तिथेच झालं. दाबोळी विमानतळावरून नव्या झुआरी पुलामुळे तिथे पाऊण तासात पोहोचता येतं, उत्तरेच्या मोपा विमानतळाहून तासभर किंवा जास्त. रेल्वेनं येणाऱ्यांनी पणजी भागासाठी करमळीला उतरावं. मडगावपर्यंत जाऊन उलटं येण्यात अर्थ नाही.

याउलट २०१६ चं डिफेन्स एक्स्पो, म्हणजे संरक्षण सामग्रीचं प्रदर्शन, केपे तालुक्यात कितळ-नाकेरी भागात भरलं होतं, आणि २०२४ चा इंडिया एनर्जी वीक हा ऊर्जा क्षेत्राचा मेळावा बेतूलला, ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या प्रशिक्षण संस्थेच्या आवारात. ही दोन्ही ठिकाणं दक्षिणेच्या टोकाकडे. बेतूल मडगावहून वीसेक किलोमीटर, पण मोपा विमानतळापासून नव्वदच्या आसपास. अशा प्रदर्शनासाठी खोली मडगाव, कोलवा, बाणावली किंवा काणकोणच्या बाजूला बघा आणि विमानाचं तिकीट दाबोळीचं काढा. तिकिटावर विमानतळाचं नाव दोनदा वाचा. मोपा जानेवारी २०२३ पासून चालू आहे, तरी ‘गोवा’ एवढंच बघून तिकीट काढणारे अजून भेटतात.

ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. अ‍ॅपवर टॅक्सी हवी तर गोवा माइल्स आहे, नाहीतर स्टँडवरची टॅक्सी दर ठरवून घ्यायची. संध्याकाळी सहाला हॉल सुटला की हजार माणसांना एकदमच गाडी हवी असते. आम्ही तिघे-चौघे स्टॉलवाले मिळून तीन दिवसांसाठी एक गाडी आधीच ठरवतो. एकटा माणूस पायलटवर, म्हणजे इथल्या दुचाकी टॅक्सीवर, बसून बसस्टँड गाठू शकतो. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को यांच्यात कदंबाच्या, म्हणजे इथल्या सरकारी, बसगाड्या भरपूर आहेत, पण रात्री उशिराच्या भरवशावर राहू नका.

तारखांचंही बघा. नोव्हेंबरच्या वीस तारखेच्या आसपास पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव सुरू होतो, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त म्हणजे चर्चचा उत्सव, मग नाताळ. या काळात खोल्यांचे दर ऐकून माणूस गप्प बसतो. कार्निव्हल आणि शिगम्याच्या मिरवणुकांना संध्याकाळी रस्ते बंद असतात, आणि तुमचा टेम्पो नेमका तेव्हाच गावात शिरत असतो.

कागद

महाराष्ट्रातून किंवा कर्नाटकातून माल आणणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं. माल फक्त दाखवायला आणून परत नेणार असाल तर विक्रीचं बिल करू नका, डिलिव्हरी चलन, म्हणजे विक्रीविना माल हलवण्याचा कागद, करा. त्यावर ‘प्रदर्शनासाठी, विक्रीसाठी नाही’ असं स्पष्ट लिहा, मशीनचा अनुक्रमांक आणि अंदाजे किंमत टाका. ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना, लागतं. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस अशी असते. कोल्हापूरहून निघताना अंतर दोनशेच्या आत की बाहेर, हे मोजून बघा. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या टेम्पोत चढवला तर बिलातला गाडीचा नंबर बदलायला विसरू नका. पत्रादेवी, मोले, केरी किंवा पोळे, गोव्याच्या हद्दीवरच्या कुठल्याही नाक्यावर ड्रायव्हरला विचारलं जाऊ शकतं, आणि त्या वेळी तुम्ही स्टॉलवर पडदे लावत असता. म्हणून कागदांचा एक संच छापील, ड्रायव्हरच्या हातात.

स्टॉलवर रोख विक्री करणार असाल तर प्रकरण वेगळं. गोव्यात धंद्याची जागा नसलेल्या बाहेरच्या व्यापाऱ्याला जीएसटीत ‘कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन’ म्हणून तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. अर्ज धंदा सुरू होण्याच्या निदान पाच दिवस आधी, आणि अंदाजे कर आगाऊ भरायचा. नोंदणी ९० दिवसांपर्यंत चालते. काही वस्तूंना सवलती आहेत, तेव्हा आपल्या सीएला महिनाभर आधी विचारा, आदल्या रात्री नव्हे. खाण्याचा नमुना वाटणार असाल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा, कागद जवळ ठेवा. काजू फेणी किंवा वाइन चाखायला देणार असाल तर अबकारी खात्याची परवानगी आधी.

आणखी एक. स्टॉल बुक केल्यावर तुम्हाला मेल यायला लागतील. कुणी ‘अधिकृत’ हॉटेल देतो म्हणेल, कुणी भेट देणाऱ्यांची यादी विकेल, कुणी प्रदर्शकांच्या डिरेक्टरीत फुकट नाव छापायचा फॉर्म पाठवेल. त्या फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात वर्षाची मोठी रक्कम देण्याचं कबूल केलेलं असतं. आयोजकांच्या मॅन्युअलमध्ये ज्यांची नावं आहेत त्यांच्याशिवाय कुणाच्याही कागदावर सही करू नका.

वीज

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे मी स्वतः तोंडावर पडलो आहे.

फॉर्ममध्ये ‘विजेचा भार किती’ असा रकाना असतो. आमच्या मशीनची मोटर तीन हॉर्सपॉवरची, म्हणजे २.२ किलोवॉट. मी भाबडेपणानं २ लिहिलं, वर असा विचार केला की थोडं इकडे-तिकडे चालतं. उद्घाटनानंतर पाहुण्यांची फेरी आमच्या रांगेत आली आणि आमच्या ऑपरेटरनं उत्साहात मशीन चालू केलं. आख्ख्या रांगेचे दिवे गेले. शेजारच्या स्टॉलवर एक बाई काचेच्या बाटल्यांची मांडणी करत होत्या, त्या अंधारात नुसतं “भाऊ, काय केलंत हे?” एवढंच म्हणाल्या. मी आजही त्यांना बघितलं की आधी नमस्कार करतो.

झालं असं होतं. साधी इंडक्शन मोटर थेट सुरू केली की पहिल्या क्षणाला नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. दिव्यांसाठी बसवलेला एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच, तेवढा झटका सोसत नाही. यावर उपाय असे:

मोटरच्या पाटीवरचा आकडा लिहा, वर कंप्रेसर, हीटर, चहाची किटली, लॅपटॉप सगळं मिळवा आणि त्यावर पाव भाग जादा मागा. मोटरसाठी थ्री-फेज हवं का सिंगल-फेज, हे स्पष्ट लिहा. आयोजकांच्या वायरमनला सांगा की मोटरच्या लाइनवर सी किंवा डी प्रकारचा, म्हणजे सुरुवातीचा झटका सोसणारा, एमसीबी लागेल आणि ती लाइन दिव्यांपासून वेगळी हवी. मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण, म्हणजे सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी, बसवलेलं मशीन असेल तर डोकेदुखी बरीच कमी. कॉम्प्रेस्ड हवा लागत असेल तर ती जागेवर मिळणार की स्वतःचा कंप्रेसर आणायचा, हेही आधी. आयत्या वेळी मागितलेल्या विजेचा दर फॉर्मच्या दरापेक्षा चढा असतो, आणि मुख्य म्हणजे वायरमन एकच असतो.

वायरमनशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या. नाव विचारा, चहा द्या, नंबर घ्या. तीन दिवसांत हॉलमधला सगळ्यात महत्त्वाचा माणूस तोच.

पिशवीत ठेवायच्या वस्तू: चांगला एक्स्टेन्शन बोर्ड, टेस्टर, इन्सुलेशन टेप, दुहेरी चिकटपट्टी, कात्री, मार्कर, सुती फडकी, सुतळी, डोकेदुखीच्या गोळ्या. पॅनेलला खिळे मारायला बंदी असते, म्हणून बॅनरला हुक आणि सुतळी. छापील कागद प्लास्टिकमध्ये आणा, कारण इथल्या दमट हवेत ब्रोशर दोन दिवसांत कडेनं वळतात. पावसाळ्यातलं प्रदर्शन असेल तर टेम्पोवर ताडपत्री दुहेरी.

स्टॉलवरचे तीन दिवस

चांगलं बोलणं दहा मिनिटांचं होतं. दोन माणसं मिळून तासाला बारा, पण जेवण, शू-शी, रेंगाळणारे ओळखीचे हे सगळं धरून निम्मी पकडा. दिवसाला आठ तास, तीन दिवस, म्हणजे १४४ माणसं. हजार ब्रोशर छापून आणणाऱ्यांनी हा हिशेब करावा. मी तीनशे छापतो आणि त्यातलीही काही परत नेतो.

पहिल्या दिवशी सकाळी उद्घाटन असतं. मोठा पाहुणा असेल तर सुरक्षेसाठी दारं बंद ठेवतात आणि खरं गिऱ्हाईक दुपारी आत येतं. दुसरा दिवस कामाचा. शेवटच्या दिवशी कॉलेजची मुलं येतात, पिशव्या गोळा करतात. त्यांच्यावर वैतागू नका, त्यातलीच एखादी पोरगी पाच वर्षांनी एखाद्या फार्मा कंपनीच्या खरेदी विभागात बसलेली असते. दीड ते साडेतीन हॉल ओसरतो. गोव्यातला दुकानदार त्या वेळी जेवून आडवा झालेला असतो आणि चारनंतर येतो. तेव्हा आपण आळीपाळीनं जेवून घ्यावं. जेवण आतलं महाग आणि बेताचं असतं. आम्ही घरून डबा आणतो. बाहेरच्यांनी सकाळी गाड्यावर भाजी-पाव खाऊन निघालं तर दुपारपर्यंत तग धरता येतो.

खुर्चीत बसून मोबाईल बघणारा स्टॉलवाला म्हणजे बंद दुकान. एक उभा, एक मागे. “काय हवंय?” असं विचारू नका, लोक “सहज बघतोय” म्हणून पुढे जातात. त्यापेक्षा “तुम्ही काय भरता, कोरडं की ओलं?” असा कामाचा प्रश्न टाका. कोकणीत प्रश्न आला, “बाब, हें वरांत कितलें काडटा?” (हे तासाला किती काढतं?) तर जमेल तशी कोकणीच बोला. उच्चार चुकला तरी माणूस हसून जवळ येतो.

बॅजवरचा क्यूआर स्कॅन केला की नाव-नंबर मिळतो, पण तो काय बोलला ते मिळत नाही. त्याच्या कार्डामागे दोन ओळी लिहा: काय भरतो, महिन्याला किती, कधीपर्यंत हवं, आणि तो स्वतः ठरवतो की मालकाला विचारणार. गिऱ्हाईक किती पक्कं त्याप्रमाणे मी कोपऱ्यात अ, ब, क लिहितो. गोव्यात एक चौथा वर्ग लागतो: ‘पळोवंया’ म्हणणारे. म्हणजे बघूया. बहुतेकदा तो सभ्य नकार असतो, पण आमचं एक चांगलं गिऱ्हाईक अकरा महिन्यांनी याच वर्गातून आलं, त्यामुळे ती कार्डं मी टाकत नाही.

बघायला, घ्यायला येणाऱ्यांसाठी

नोंदणी ऑनलाइन करून या, नाहीतर पहिला तास रांगेत जातो. ओळखपत्र मूळ, फोनचा चार्जर, व्हिजिटिंग कार्डं पन्नासेक, आणि जुने, सरावाचे बूट. नवे बूट घालून आलेली माणसं तिसऱ्या तासाला पायऱ्यांवर बसलेली दिसतात. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आत शिरा.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मुरलेला माणूस कसा फिरतो ते आठवा. पहिली फेरी रिकाम्या पिशवीनं, दर ऐकत. मग एका जागी टेकून ठरवायचं, आणि दुसऱ्या फेरीत घ्यायचं. इथेही पहिल्या तासात सगळ्या रांगा एकदा चाला, कुठेही बसू नका, ब्रोशर घेऊ नका, फक्त आराखड्यावर खुणा करा. मग चहा घेत आठ-दहा स्टॉल नक्की करा आणि त्यांनाच वेळ द्या. सगळं बघायचं ठरवलेला माणूस संध्याकाळी पाच किलो कागद घेऊन घरी जातो.

मशीन घेणाऱ्यांनी विचारायचे प्रश्न माझ्यासारख्या विकणाऱ्याला आवडत नाहीत, म्हणून ते सांगतो. किंमत कारखान्यातली की माझ्या दारातली? वाहतूक, जोडणी, जीएसटी धरून किती? तासाला जेवढं उत्पादन छापलंय ते कुठल्या मालावर, साखरेवर की चिकट मसाल्यावर? तुमचा मेकॅनिक गोव्यात राहतो की पुण्याहून येतो, आणि आला तर त्या दिवसाचे पैसे कोण देणार? सुटे भाग बाजारात मिळतात की फक्त तुमच्याकडे? आणि सगळ्यात कामाचा: वेर्णा, कुंडई, मडकई, तुये, होंडा, यातल्या कुठल्या वसाहतीत तुमचं मशीन चालू आहे? पत्ता घ्या आणि पुढच्या आठवड्यात जाऊन बघा. आमच्याकडे अशी माणसं आली की मी थोडा घाबरतो आणि थोडा खूश होतो.

आपला माल घेऊन या. काजूगर असेल तर अर्धा किलो काजूगर, मसाला असेल तर मसाला. चालत्या मशीनवर तो टाकून दाखवायला सांगा. स्टॉलवर रोख आगाऊ रक्कम देऊ नका, प्रोफॉर्मा इनव्हॉइस, म्हणजे विक्रीआधीचं कच्चं बिल, मागवा आणि कंपनीच्या खात्यात भरा. ‘फक्त आजच्यापुरता दर’ परवाही असतो. शेवटच्या दिवशी दुपारी मात्र मांडलेलं मशीन परत नेण्याचं भाडं स्टॉलवाल्याच्या डोळ्यांपुढे नाचत असतं, तेव्हा भाव करायला हरकत नाही.

आवराआवर

शेवटच्या दिवशी वेळेआधी स्टॉल मोडायला परवानगी नसते. आणि हॉल बंद झाल्यावरचा एक तास चोरीचा. लॅपटॉप, टॅब, नमुने आधी एका माणसासह गाडीत पोहोचवा. माल बाहेर काढायचा गेटपास सकाळीच घेऊन ठेवा. संध्याकाळी त्या टेबलापुढे अख्खा हॉल उभा असतो.

‘अ’ खुणेच्या माणसांना तीन दिवसांच्या आत कोटेशन गेलं पाहिजे, त्यांच्याच बोलण्याचा संदर्भ देऊन. “आपण भेटलो होतो” एवढाच व्हॉट्सअ‍ॅप त्यांना दहाजणांकडून आलेला असतो. ‘ब’ना आठवड्यात फोन.

आणि मशीन परत शेडमध्ये आलं की खोकं तसंच ठेवून झोपायला जाऊ नका. तीन दिवस खाऱ्या हवेत उभं राहिलेलं असतं ते. त्याच रात्री पुसून, उघड्या भागांना तेल लावून मग दिवा बंद करा.